तुम्हीचं तू होईपर्यंत

शिकवणीला नवं पोर आलं की पहिल्या आठवड्यातच कधीतरी विचारतं, "मॅडम, यू म्हणजे तू की तुम्ही?" पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या माझ्या दोन खोल्यांत मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे आहे. समोर कोण आहे त्यावर ठरतं, असं मी सांगते. पोरांना ते पटतं आणि ती पुढच्या धड्याला लागतात. मला मात्र त्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना हटकून ते गाव आठवतं, कारण या एका शब्दापायी मी माझ्या तरुणपणाची पाच वर्षं घालवली. घालवली म्हणते, वाया घालवली म्हणत नाही. एवढा मान तरी माणसानं स्वतःला द्यावा.

आम्ही मूळचे लातूरकडचे. अप्पा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून लागले आणि त्यांच्यामागं आई आणि मी आलो. निघोज्याकडे जाणारी बस ज्या फाट्यावर थांबायची, तिथून आत चालत गेलं की आमचं गाव. त्याचं नाव सांगत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. कंपन्यांना जमिनी गेल्यावर उरलेल्या रानात बापूसाहेब नावाच्या तिथल्या बड्या असामीनं पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी बांधल्या होत्या, आणि त्या ओळींत लातूर, बीड, नांदेड असा सगळा मराठवाडा भरला होता. एका खोलीत आम्ही तिघं आणि आईचं डब्यांचं दुकान. एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे ती करायची. फर्स्ट शिफ्टच्या पोरांसाठी उजाडायच्या आधी तवा चढायचा, तो सेकंड शिफ्टची पोरं गेली की उतरायचा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाला-पिठाची आमटी. त्या आमटीच्या वासानं भर दुपारी माणसाला गावाची आठवण व्हायची, आणि डबा घ्यायला आलेला एखादा दांडगा गडी उंबऱ्यावर उगाच रेंगाळायचा. मागच्या बाजूला एका कारखान्याची पत्रे दाबायची प्रेस होती. तिचा ठोका पडला की मांडणीवरच्या पितळ्या थरथरायच्या. नव्यानं आलेले लोक दचकायचे, आम्हाला मात्र रविवारी प्रेस बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मी पिंपरीला कॉलेजात जायची. बसस्टॉपच्या मागं एक रद्दीचं दुकान होतं, तिथं जुनी इंग्रजी पुस्तकं भाड्यानं मिळायची. इंग्रजी सुधारावं म्हणून मी एक उचललं आणि फसले. ती सगळी एकाच जातीची पुस्तकं होती. मुखपृष्ठावर उघड्या गळ्याचा झगा घातलेली बाई, तिच्यामागं उंच कॉलरचा पुरुष, आणि त्यांच्याही मागं राजवाड्यासारखं घर. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातले ड्यूक आणि अर्ल. कथा बहुतेक एकच असायची. ड्यूकला काहीतरी अडचण येते, इस्टेट जाणार असते किंवा मृत्युपत्रात अट असते, आणि त्याला घाईघाईनं बायको हवी असते. मग तो गरीब घरातल्या, हुशार, दिसायला बेताच्या मुलीला विचारतो, की आपण सोयीचं लग्न करू. प्रेमबीम काही नाही. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मधे एक दार. तो तिच्याशी अतिशय सभ्यपणानं वागतो, इतका की वाचणारीला राग यावा. आणि मग दोनशे पानांच्या पुढं कुठंतरी तिला ताप येतो, किंवा ती घोड्यावरून पडते, आणि तो तिच्या उशाशी बसून राहतो. मागच्या पानावर इंग्रजीत 'मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स' असं छापलेलं असायचं. डिक्शनरीत कन्व्हीनियन्सचा अर्थ 'सोय' असा दिला होता. मला वाटलं, यात इंग्रजांनी काय नवं सांगितलं, आमच्यात तर लग्नाला सोयरीकच म्हणतात.

आता पेन्सिलीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या पेन्सिलीमुळं झालं. इंग्रजीत सगळ्यांना यू. ड्यूक नोकराला यू म्हणतो, राजाला यू म्हणतो, बायकोलाही यू. पण मी वाचत होते मराठी डोक्यानं. सुरुवातीला तो तिच्याशी बोलायचा ते मला सगळं 'तुम्ही' ऐकू यायचं. आपण चहा घ्याल का, तुम्हाला थंडी वाजत नाही ना. आणि मग एका पानावर, एका वाक्यात, तोच यू मला एकदम 'तू' ऐकू यायचा. पुस्तकात काहीच बदललेलं नसायचं, शब्द तोच, पण मला नेमकं कळायचं की इथं तुम्हीचं तू झालं. तिथं मी समासात पेन्सिलीनं बारीक टिंब काढायची. भाड्याच्या पुस्तकात लिहिणं वाईट, पण दुकानदारानं कधी पाहिलं नाही. आई विचारायची, "काय वाचूलालीस गं येवढं?" मी तिला गोष्टी सांगायची. भाकरी थापता थापता ती ऐकायची आणि ड्यूकला 'मालक' म्हणायची. टिंबाचंही तिला सांगितलं होतं. ती हसली आणि म्हणाली की अप्पांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही, पण तू मात्र पहिल्या दिवसापासून म्हणतात. त्यात काही विशेष असतं हे तिला माझ्याकडून कळलं होतं, आणि नंतर ती ते कधी विसरली नाही.

माझं कॉलेज संपत आलं त्या वर्षी तालुक्याला आरक्षणाची सोडत निघाली आणि चिठ्ठीत गावचं सरपंचपद बाईला सुटलं. बापूसाहेबांच्या धाकट्या मुलानं, धनंजयनं, तीन वर्षं त्या पदासाठी रान उठवलं होतं. जत्रेचा खर्च, क्रिकेटच्या स्पर्धा, कुणाच्या दहाव्याला हजेरी, काही सोडलं नव्हतं. गावात त्यांना सगळे धनंजयशेठ म्हणत. आता बाई हवी, तर घरात उभी करायला बाई नाही. आई वारलेली. थोरल्या भावाच्या बायकोला तिसरं मूल झालेलं, त्यामुळं ती नियमानं बाद. स्वतः शेठ बिनलग्नाचे. बाहेरगावची मुलगी करावी तर तिचं नाव गावच्या मतदारयादीत यायला वेळ लागणार, आणि अर्ज भरायची तारीख तोंडावर आलेली. म्हणजे मुलगी गावच्या यादीतलीच हवी, जातीतली हवी, एकवीस पूर्ण झालेली हवी. गावातल्या जुन्या घरांतल्या मुली भावकीतल्या, नाहीतर नात्यानं बहिणी. राहिल्या भाडेकरूंच्या खोल्या. तिथं असं सगळं जुळणारी मी एकटीच होते, आणि वर भाडेकरूंची सगळी मतं माझ्यामागून येणार होती. हे सगळं मला नंतर जुळवता आलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं, की बापूसाहेब स्वतः आमच्या खोलीत आले आहेत आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून चहा नको म्हणत आहेत.

मी आतल्या बाजूला, पडद्यामागं, डब्यांच्या चळतीशी उभी होते. बापूसाहेब आडपडदा ठेवणारे नव्हते. अप्पांची पाठ गेली होती, कंपनीतलं कंत्राट पुढं मिळायची आशा नव्हती, आणि त्या कंपनीला माणसं पुरवायचं काम बापूसाहेबांकडंच होतं. ते म्हणाले, "हे बगा, आमाला हुंडा न्हाई, मानपान न्हाई. तुमी गेटवर बसा आरामात, पाठीला तरास न्हाई. खोली तुमचीच समजा. तुमची बी सोय हुतीया, आमची बी हुतीया." सोय. अगदी तोच शब्द. कुणा दुसऱ्या मुलीनं तो ऐकला असता तर तिला अपमान वाटला असता. मला वाटलं, माझं पुस्तक उघडलं.

ते गेल्यावर अप्पा पाठीला हात लावून बसून राहिले. आई मात्र बोलली. तिचा तवा तापलेला होता आणि तिनं तो उतरवून ठेवला, जे ती कधी करत नसे. म्हणाली, "माय, सोय जाणे तो सोयरा म्हनतात. हे सोय जाणून नाही आले, सोय बघून आले." मी तिला म्हणाले की गोष्टीतले मालकही असेच येतात. ती मग म्हणाली, गोष्टीतल्यांना गोष्ट लिहिणारा असतो. पण अप्पांच्या पाठीकडं बघून तिनं तवा परत चढवला, आणि मी हो म्हटलं. अप्पांसाठी हो म्हटलं असं लोक समजले आणि मीही ते तसंच समजू दिलं. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. मला त्या पानापर्यंत पोचायचं होतं.

लग्न आळंदीला झालं. झटपट लग्नाला आळंदी सोयीची, एका कार्यालयात एका दिवसात किती लागतात त्याला गणती नाही. आमच्या आधी एक पळून आलेलं जोडपं होतं. बरोबर दोन मित्र, घरचं कुणी नाही, पोरीच्या पायात साधी चप्पल, आणि दोघांनी एकमेकांचे हात असे धरलेले की भटजींना अक्षता द्यायची पंचाईत. मला त्या पोरीची कीव आली. पुढं कसं व्हायचं हिचं, असं मनात आलं. माझ्या अंगावर पैठणी होती, बाहेर गाड्यांची रांग होती, आणि नदीकाठच्या दुकानातून बापूसाहेबांनी आईला चांदीचा करंडा घेऊन दिला होता. शेठ माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला ऊन लागत असेल तर इकडं सरका." हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. तुम्हाला! त्या भागातल्या शेतकरी घरात नवरा बायकोला तुम्ही म्हणतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्या सगळ्या मैत्रिणींचे नवरे 'ए' म्हणून हाक मारायचे. मी सावलीत सरकले आणि मनाशी म्हटलं, बरोबर, सुरुवात अशीच असते.

घरी आल्यावर लक्ष्मीपूजनाला जाऊबाईंनी ताटात तांदूळ पसरून आणले. नवऱ्यानं अंगठीनं त्यात नव्या नवरीचं नवं नाव लिहायचं. माझं नाव वनमाला. हे आजीचं नाव मला लहानपणापासून आवडत नसे, वर्गात सगळ्या पूजा आणि स्वाती असताना मी एकटी वनमाला. जाऊबाईंनी धनश्री असं ठरवून ठेवलं होतं, धनंजयला शोभणारं. शेठनी अंगठी उचलली, क्षणभर थांबले, म्हणाले, "नको, वनमालाच राहू द्या," आणि तांदळात वनमाला असं लिहिलं. अक्षर सुरेख होतं. त्या एका क्षणी मला माझं नाव आवडायला लागलं. आजही मला ते आवडतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. अर्ज भरताना तहसील कचेरीतल्या साहेबानं मतदारयादीतलं नाव आणि अर्जातलं नाव ताडून पाहिलं, बरोबर आहे म्हणाला, आणि शेठनी सुटकेचा निःश्वास टाकला. नाव का राहिलं ते तेव्हा मला समजायला हवं होतं. समजलंही. पण मनात असलं की माणूस दोन्ही गोष्टी जवळ ठेवतो. यादीसाठी ठेवलं हे खरं, आणि थांबून लिहिलं हेही खरंच की, असं मी स्वतःला समजावलं.

बंगला नवा होता, चकचकीत फरशीचा, ओला पाय पडला की घसरायचा. वरच्या मजल्यावर एक खोली मला आणि एक त्यांना, मधे दार. मधलं दार बघून माझा जीव सुपाएवढा झाला. पहिल्या दिवशी उघडून पाहिलं तर आत मोरी. ठेकेदारानं दोन खोल्यांत मिळून एकच काढली होती. आपण जाताना त्यांच्या बाजूची कडी लावायची आणि येताना काढायची, एवढाच त्या दाराचा उपयोग. खाली जाऊबाईंचं राज्य. त्या मनानं वाईट नव्हत्या. मला मासवडी शिकवली, रश्श्याला काळा मसाला किती, ते हाताच्या मुठीनं दाखवलं, आणि माझी येसराची आमटी एकदा चाखून म्हणाल्या की बरी आहे, पण घरात नको, बापूसाहेबांना तिकडचा वास चालत नाही. शेठ जेवायला बसले की मी वाढायची. "तुम्ही जेवलात?" असं ते रोज विचारायचे. रोज. मी त्यावर दिवस काढायची.

प्रचाराला निशाणी मिळाली कपबशी. माझ्या पुस्तकांतली माणसं सारखी कपबशी घेऊन बसलेली असायची, त्यामुळं मला तोही शकुन वाटला. पिंपरीच्या एका स्टुडिओत शेठनी स्वतःच्या आवाजात कॅसेट भरून आणली आणि ती रिक्षावर लागली. "आपल्या हक्काच्या, आपल्या घरच्या, वनमालाताईंना प्रचंड मतांनी विजयी करा." सकाळी रिक्षा निघायची ती अंधार पडेपर्यंत गावातून, खोल्यांतून, फाट्यापर्यंत जायची आणि यायची. घरात त्यांच्या तोंडून माझं नाव एकदाही निघालं नव्हतं. बोलवायचं असेल तर "अहो, जरा" म्हणायचे. आणि रस्त्यावर दिवसभर त्यांच्याच आवाजात वनमाला, वनमाला. मी भाजी निवडायची थांबून ऐकायची. जाऊबाई हसायच्या. त्या शब्दाच्या पुढचं 'ताईंना' मी मनातल्या मनात गाळून टाकायला शिकले होते.

मतदानाच्या आधल्या आठवड्यात मला ताप भरला. उन्हातान्हात घरोघर हिंडून आणि हात जोडून जोडून अंग मोडून गेलं होतं. वरच्या खोलीत गोधडी घेऊन पडले आणि, सांगायला लाज वाटते, मनातून सुखावले. तापाचं पान आलं होतं. डॉक्टर येऊन गेले. शेठ दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. "तुम्ही गोळी घेतलीत का? परवा फाट्यावर सभा आहे, तोवर उभं राहायला हवं." मी हो म्हटलं. ते गेले. दुपारी ताप चढला आणि मला ग्लानी आली, आणि त्या ग्लानीत ते मला हाक मारू लागले. लांबून, मग जवळून, वनमाला, वनमाला. आवाज त्यांचाच, यात शंका नाही. मी उठले. भिंतीला धरून दारापाशी गेले, दार उघडलं, तर बोळात कुणी नाही. मधलं दार उघडलं, मोरीत बादली. मग खिडकीशी गेले. खाली रिक्षा वळत होती, पाठीमागं माझा फोटो आणि कपबशी, आणि कर्ण्यातून ते मला प्रचंड मतांनी विजयी करा म्हणत होते. मी तिथंच फरशीवर बसले. फरशी गार होती, बरं वाटलं. जाऊबाईंनी येऊन मला उचललं आणि रागावून अंथरुणात घातलं.

निवडून आले, सरपंच झाले. गुलाल उधळला, शेठना खांद्यावर घेऊन लोक नाचले, मी जीपमध्ये बसून होते. पुढची पाच वर्षं सांगण्यासारखं फार नाही. शेठ बोट ठेवत तिथं मी सही करायची. सभेला माझ्या शेजारच्या खुर्चीवर ते बसायचे आणि बोलायचे. एकदा मी स्वतःहून म्हटलं की खोल्यांच्या ओळींना नळ देऊ, आईला पाणी फार लांबून आणावं लागतं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही त्यात पडू नका." आवाज चढवला नाही. कधीच चढवला नाही. दारू नाही, मारहाण नाही, दुसरीकडे कुठं काही नाही. दुसरीकडे काही असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान काय आडवं येतंय ते कळलं असतं. त्यांच्या मनात तिथं कुणीच नव्हतं, आणि जागा मात्र माझ्यासाठी नव्हती. मी माहेरी गेले की आई पाणी देता देता हळूच विचारायची, "आजून तुमीच म्हनत्यात का?" मी हो म्हटलं की म्हणायची, येईल, लोक मोठे हायेत, उशीर लागतो. अप्पा गेटवर बसत होते. पाठ बरी होती.

एकदा श्रावणात जाऊबाई आणि मी पुरण वाटत होतो. बाहेर ओसरीवर शेठचा आवाज येत होता. खोल्यांतला एक म्हातारा आला होता, मुलाच्या नोकरीचं विचारायला. "तुम्ही बसा, तुम्ही चहा घेतलात का, तुम्ही काही काळजी करू नका." मी ऐकत होते. पाठोपाठ त्यांचा चुलतभाऊ आला, त्याला म्हणाले, "तू कुठं मेला होतास रं सकाळधरनं?" आणि दोघं खदाखदा हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जाऊबाईंनी माझा थांबलेला हात बघितला. पाट्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "अगं ए बाये, त्ये मतदाराला तुमी म्हणत्यात." एवढंच. वाईट हेतूनं नाही, घरातली एक माहिती द्यावी तशी. मी पुरण वाटत राहिले. त्या दिवशीच्या पोळ्या फुटल्या.

एवढं कळल्यावर शहाण्या बाईनं वाट बघणं सोडलं असतं. मी उलट जास्तच वाट बघू लागले. आता मला प्रेमही नको होतं, तो ताप, ते उशाशी बसणं, काही नको होतं. फक्त एकदा, रागानं का होईना, तू म्हणावं. मी मुद्दाम चहात साखर विसरले, इस्त्रीत त्यांचा सदरा जाळला. "असू द्या, तुम्ही लावून घेऊ नका," असं म्हणून ते दुसरा सदरा घालून गेले.

मुदत संपत आली तेव्हा पुन्हा सोडत निघाली आणि सरपंचपद खुलं झालं. बंगल्यात फटाके वाजले. आता शेठना स्वतः उभं राहता येणार होतं. त्याच सुमारास खेडच्या बाजूच्या एका तोलामोलाच्या घराण्यातून माणसं येऊ-जाऊ लागली. जाऊबाई माझ्यासमोर बोलायच्या थांबू लागल्या, आणि मग एक दिवस त्यांनीच मला सांगितलं की पाहुण्यांची मुलगी आहे आणि पुढं पंचायत समितीला उपयोगी पडतील अशी दोन गावांची मतं त्यांच्याकडं आहेत. संमतीनं वेगळं व्हायचं, भांडण नाही तंटा नाही. बापूसाहेबांनी अप्पांना बोलावून सांगितलं की गेटवरचं काम आणि खोली दोन्ही राहील, आम्ही शब्दाचे पक्के. अप्पा मान खाली घालून परत आले. मी कशालाच नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर अप्पा कुठं बसले असते?

निघायच्या दिवशी सकाळी अंगणात जीप उभी होती. माझी एक पेटी आणि पुस्तकांची पिशवी. जाऊबाईंनी ओटी भरली, त्यांचे डोळे भरले होते. शेठ फोनवर बोलत ओसरीवर आले, फोन खिशात ठेवला, पायऱ्या उतरून माझ्यासमोर उभे राहिले. इतक्या जवळ ते क्वचितच उभे राहिले असतील. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलतील, पाच वर्षं तुम्ही साथ दिलीत असं काहीतरी, सभेत बोलतात तसं. ते माझ्या पेटीकडं बघत म्हणाले, "तू तुझं बघ आता."

आणि परत फिरले. यादीत माझं नाव त्यांच्या कामाचं उरलं नव्हतं.

जीपनं मला खोल्यांच्या ओळीशी सोडलं. मागची प्रेस चालू होती, पितळ्या थरथरत होत्या. आई सेकंड शिफ्टचे डबे भरत होती. तिनं माझी पेटी आत घेतली आणि पाणी दिलं. पुढचा वेळ आम्ही दोघी डब्यांची झाकणं लावत बसलो. मग तिनं हळूच विचारलं, "निघताना काय म्हनले का जावई?" मला तिला पूर्ण वाक्य सांगायचं होतं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तोंडून एवढंच निघालं, "मला तू म्हणाले."

आईचा हात झाकणावर थांबला. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडं बघवेना. "म्हनले ना?" ती म्हणाली. "मी सांगतच होते की नाही. आता येतेत बघ न्यायला, चार दिस जाऊ दे." ती उठली, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, पाणी घालायच्या आधी थांबली, आणि जावई आले तर असू द्यावं म्हणून वर आणखी एक मूठ टाकली. पूर्ण वाक्य मी तिला कधीच सांगितलं नाही. ती गेली त्या वर्षापर्यंत ती रोज संध्याकाळी ती मूठ टाकत होती, आणि उरलेली भाकरी सकाळी आम्ही दोघी चहात बुडवून खात होतो.